साहेबांनी लिहून थोडंच दिलंय?

"अपंग म्हणून मला त्रास द्यायलेत हे कळतंय मॅडम, पण पुरावा कुठून आणू?" नोकरीतला जवळजवळ प्रत्येक दिव्यांग माझ्याकडे हेच घेऊन येतो.

बालाजीचंही (नाव बदललंय) तेच. उजवा पाय पोलिओचा, कॅलिपर लावून चालतो. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत बरीच वर्षं स्टोअर सांभाळतोय. नवे मॅनेजर आले, हजेरीचं अंगठ्याचं मशीन गेटवरून पहिल्या मजल्यावर गेलं आणि लेट मार्क सुरू झाले. सिक्युरिटीच्या वहीत त्याची वेळ 8.52, मशीनमध्ये 9.06. मधली मिनिटं जिन्यात आणि रांगेत गेलेली. पुढं कारणे दाखवा नोटीस आली, इन्क्रिमेंट थांबलं.

"'असल्या माणसाला कशाला ठेवलं' असं तोंडावर बोलले. पण लिहून थोडंच दिलंय?"

असं बोलणं जिव्हारी लागतं. पण नुसतं तेच धरून बसलं की गाडी अडते. समोरचा कानावर हात ठेवतो आणि सहकारी साक्षीला येत नाही, त्यालाही पोट आहे. साहेबाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायची गरजही नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं वाजवी सोय (म्हणजे अपंगत्वामुळं लागणारा, मालकाला झेपेल असा बदल) नाकारणं हाही भेदभावच धरलाय. शिवाय रवींदर कुमार धारीवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलंय की, कारवाईमागं अपंगत्व हे अनेक कारणांपैकी एक असलं तरी पुरे. "लेट तर मी झालोच होतो" म्हणत गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

म्हणून बालाजीला गाऱ्हाणं बाजूला ठेवून मागणी लिहायला लावली. ईमेल चारच ओळींचा: मला जिना चढायला वेळ लागतो, प्रमाणपत्र सोबत आहे, माझी हजेरी गेटवर घ्यावी, गेटची वही जपून ठेवावी, कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत द्यावी. (दिव्यांगांसाठी काय सोयी करणार हे सांगणारं हे धोरण प्रत्येक आस्थापनेनं, खासगी असली तरी, जाहीर करायचं असतं. बहुतेकांकडं ते नसतं, आणि नसणं हेही तक्रारीत लिहिता येतं.) एक प्रत स्वतःच्या जीमेलवर, कारण वाद वाढला की ऑफिसचा ईमेल आधी बंद होतो.

एचआरचं उत्तर आलं: "एकाला सूट दिली तर सगळेच मागतील." बालाजीचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. नकार आता कागदावर होता.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार करायची तयारी चाललीय असं कळवल्यावर गेटवर दुसरं मशीन बसलं. इन्क्रिमेंट अजून अडकलंय, त्यामुळं तक्रार जातेच आहे. सोबत जुनी इन्क्रिमेंटची पत्रं, नोटीस आणि ईमेल, सगळं तारखेवार. मधल्या काळात "समजुतीनं राजीनामा दे, हिशेब चांगला करू" असा निरोप आलाय. सही करू नकोस, एकदा राजीनामा दिला की स्वखुशीनं गेला म्हणायला ते मोकळे, हे त्याला आणि त्याच्या बायकोलाही बजावून सांगितलंय.