संगणक आला नाही, आगाऊ रक्कमही अडकली

प्रश्न : दिवाळी पाडव्याला सांगलीतल्या एका दुकानात मुलीसाठी नवीन डेस्कटॉप बुक केला. किंमत ७४,००० ठरली, २०,००० आगाऊ दिले. नोव्हेंबरअखेर देऊ असं पावतीवर आहे. मुदत उलटली. आता दुकानदार म्हणतो, कंपनीकडून माल नाही, रॅम महागली, ९,००० जादा द्या. नाहीतर ऑर्डर रद्द आणि बुकिंगची रक्कम बुडाली, तशी अटच आहे म्हणे. काय करू?

उत्तर : जादा पैसे देऊ नका. ‘मग रद्दच करा’ असंही रागाच्या भरात लिहू नका, कारण माघार तुम्ही घेतली असं त्याला दाखवायचं आहे. रक्कम परत न देण्याची अट ग्राहकानं करार मोडला तर पुढे येते; इथे मुदत त्यानं चुकवली आहे.

तुमचा व्यवहार दुकानदाराशी आहे. कंपनीनं त्याला माल दिला नाही, तर ते त्या दोघांनी पाहून घ्यावं. ठरलेल्या किमतीत नंतर झालेली करवाढ तेवढी मिळवता येते (माल विक्री कायदा १९३०, कलम ६४-अ). पुरवठादाराच्या दरवाढीला ती सोय नाही. मात्र पावतीमागचा बारीक मजकूर वाचा. ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू’ असं असेल, तर जुन्या किमतीचा आग्रह लंगडा पडेल.

तशी अट नसेल, तर महागाईचं त्याचं रडगाणं तुमच्याच कामाचं. ठरलेला माल दिला नाही, तर ठरलेली किंमत आणि बाजारभाव यांतला फरक भरपाई म्हणून मागता येतो. तेव्हा दोन-तीन दुकानांतून त्याच मॉडेलचं लेखी कोटेशन घ्या आणि ९,००० मागणारे त्याचे मेसेज जपा.

मग स्पीड पोस्टनं नोटीस : १५ दिवसांत ठरल्या किमतीत संगणक द्या, नपेक्षा २०,००० व्याजासह आणि दरातला फरक द्या. त्यानं मशिन आणून दिलंच, तर घेताना ‘उशिराबद्दलचा दावा राखून’ असं लिहून सही करा. गुपचूप घेतलंत, तर करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो दावा हातचा जाऊ शकतो.

एवढ्यानं भागलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षं, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. अर्जात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ असं म्हणा. ‘अन्याय्य करार’ हा मुद्दा घेऊ नका, त्याची तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि २०,००० साठी तो फेरा परवडत नाही.

एक गोष्ट आजच तपासा. इनपुट क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या करातून वळता करून घेण्याच्या) मोहानं ऑर्डर घरच्या कुणाच्या जीएसटी क्रमांकावर तर घेतली नाही ना? तसं असेल, तर खरेदी व्यवसायासाठी होती, तुम्ही ग्राहकच नाही, हा बचाव समोरून हमखास येईल.