स्ट्रिप क्लबमधील काम : आवड, गरज आणि कामाच्या अटी

प्रश्न : परदेशी चित्रपटांत आणि मालिकांत स्ट्रिप क्लबची, म्हणजे जेथे ग्राहकांपुढे नाचताना कपडे उतरवले जातात अशा क्लबांची, दृश्ये नेहमी दिसतात. तेथे नाचणाऱ्या स्त्रिया एक तर परिस्थितीने गांजलेल्या दाखवतात किंवा अगदी मजेत असलेल्या. प्रत्यक्षात माणसे या कामाकडे का वळतात आणि त्यांना ते मनापासून आवडते का? प्रश्न कुतूहलाने विचारत आहे, त्यात चेष्टा नाही.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे आणि ते ऐकून काही वाचकांची निराशाही होईल. या कामाकडे वळणारी बहुतेक माणसे पैशासाठी वळतात. बालपणीचा एखादा आघात, बिघडलेले वळण, प्रसिद्धीची हाव अशी स्पष्टीकरणे लोकांना फार आवडतात, कारण त्यामुळे ‘ती माणसे’ आपल्यापेक्षा वेगळी ठरतात. काहींच्या आयुष्यात तसे घडलेलेही असते. पण तसे ते इतर व्यवसायांतील माणसांच्या आयुष्यातही घडलेले असते. पदवी किंवा अनुभवाचा दाखला न मागता, त्याच रात्री रोख रक्कम हातात पडेल आणि पुढच्या आठवड्यात परीक्षा किंवा मुलाचे आजारपण आले तर रजेचा अर्ज न करता गैरहजर राहता येईल, अशी कामे फार थोडी असतात. म्हणूनच शिक्षणाचा खर्च स्वतः भागवणाऱ्या विद्यार्थिनी, एकट्याने मूल वाढवणाऱ्या माता, दिवसा दुसरी अपुऱ्या पगाराची नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि ज्यांच्या कलेवर पोट भरत नाही अशा नर्तकी व अभिनेत्री येथे आढळतात. पुष्कळ जणींना हा मार्ग आधीपासून तेथे काम करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीने दाखवलेला असतो. ‘काही महिने करून पाहू’ असे म्हणून त्या येतात आणि त्या महिन्यांची पुढे वर्षे होतात.

इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या टीला सँडर्स आणि केट हार्डी या संशोधिकांनी २०१० नंतरच्या काळात ब्रिटनमधील १९७ नर्तकींची पाहणी केली होती. या कामाबद्दल लिहिताना तिचा उल्लेख नेहमी होतो. पाहणीतील बहुतेक नर्तकींनी आपण कामावर एकंदरीत समाधानी असल्याचे सांगितले. कामाचे तास स्वतः ठरवता येणे, मिळू शकणाऱ्या इतर नोकऱ्यांपेक्षा अधिक कमाई आणि स्वातंत्र्य ही त्यांची कारणे होती. उत्पन्नाचा भरवसा नसणे, ग्राहकांचे असभ्य वागणे आणि क्लबची दंड व शुल्क आकारण्याची पद्धत या त्यांच्या तक्रारी होत्या. समाधान आणि तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या तोंडून आल्या, यात मला काही विसंगत वाटत नाही. कोणत्याही कार्यालयात पाहणी केली तरी असेच चित्र दिसेल.

आता दुसरा भाग. तो अवघड आहे, कारण हा प्रश्न कोण, कोठे आणि कोणाला विचारतो यावर उत्तर बदलते. क्लबमध्ये काम करत असलेल्या स्त्रियांना विचारले, तर ज्यांना ते सोसवले नाही त्या आधीच निघून गेलेल्या असतात, त्यामुळे समाधानाचे पारडे जड होते. संकटातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या संस्थांमध्ये विचारले, तर ज्यांचे बरे चालले होते त्या तेथे येतच नाहीत, त्यामुळे यातनांचे पारडे जड होते. दोन्ही गट खरेच बोलत असतात. मात्र एक जागा अशी आहे की तेथे या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष क्लब. तेथील ग्राहक हा प्रश्न सतत विचारतो. ‘तुला हे आवडते ना?’ याला ‘हो, विशेषतः तुमच्यासारखे कोणी भेटले की’ असे उत्तर देणे हा त्या विक्रीचाच एक भाग असतो. ग्राहक नृत्य विकत घेतो, तसाच नाचणारीला आपला सहवास आवडतो हा विश्वासही विकत घेतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून ठरावीक भावना चेहऱ्यावर आणाव्या लागतात आणि मनातल्या दडपाव्या लागतात, त्यालाही कष्ट पडतात, असा तिचा आशय आहे. स्ट्रिप क्लबमध्ये हे कष्ट बहुधा नृत्याच्या कष्टांहून जास्त असतात. कॅथरीन फ्रँक या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने संशोधन करताना स्वतः अशा क्लबांमध्ये नर्तकी म्हणून काम केले आणि तेथे नेहमी येणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. त्या पुरुषांना नग्नतेइतकीच, काही वेळा तिच्याहून अधिक, निवांतपणाची, गप्पांची आणि नकाराची भीती नसलेल्या स्त्रीसहवासाची ओढ होती, असे तिला दिसले. म्हणजे नाचणारीच्या रात्रीचा मोठा भाग कोणाच्या तरी घटस्फोटाची कहाणी ऐकण्यात, कंटाळवाण्या विनोदांवर हसण्यात आणि एकेका टेबलाजवळ जाऊन खासगी नृत्यासाठी विचारण्यात जातो. तेथे वारंवार ‘नको’ ऐकावे लागते आणि तेही आपल्या देहाकडे पाहून म्हटलेले. कपडे उतरवण्याचा संकोच थोड्याच दिवसांत जातो, पण रोजच्या या नकारांची सवय होत नाही, असे सांगणाऱ्या नर्तकी पुष्कळ आहेत.

मग आवडण्यासारखे काय असते? रंगमंचावरची मिनिटे अनेकींना खरोखर आवडतात. संगीत आपण निवडलेले असते, सगळ्यांचे लक्ष आपल्यावर असते आणि खांबावरच्या कसरतीसाठी खांदे, पोट व मांड्या यांत जी ताकद लागते ती कमावल्याचा अभिमान असतो. आपल्या शरीराची लाज वाटत वाढलेल्या काही स्त्रियांना तेथे प्रथमच त्या लाजेतून सुटल्यासारखे वाटते. रंगभूषेच्या खोलीतील मैत्री, एकमेकींना सांभाळून घेणे आणि ग्राहकांच्या नकला करून हसणे यांच्या आठवणी काम सोडलेल्या स्त्रियाही आपुलकीने काढतात. मात्र बर्नाडेट बार्टन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने अमेरिकेतील नर्तकींशी बोलून असे दाखवले आहे की सुरुवातीच्या काळातील पैशाची आणि कौतुकाची धुंदी पुढे ओसरते आणि वर्षे वाढतात तशी झीज जाणवू लागते. सततच्या शेरेबाजीने पुरुषांबद्दल मनात अढी बसते, रात्र निभावण्यासाठी मद्याचा आधार घेतला जातो आणि घरी आल्यावर कोणी स्पर्श केलेला नको वाटतो. आवडते की नाही याचे उत्तर पहिल्या वर्षी एक आणि दहाव्या वर्षी दुसरे येऊ शकते, हे सर्वेक्षणांच्या आकड्यांत सहसा दिसत नाही.

मला स्वतःला मात्र या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते, आणि बाहेरच्या माणसाला तिची बहुधा कल्पना नसते. अनेक देशांतील क्लबांमध्ये नर्तकीला पगार मिळत नाही. उलट ती कामावर येण्यासाठी क्लबला पैसे देते. या रकमेला ‘हाउस फी’ म्हणतात. तिच्याखेरीज संगीत लावणारा, मद्य देणारा आणि बाउन्सर यांना आपल्या टिपांतून वाटा द्यावा लागतो, आणि उशीर झाला किंवा नियम मोडला तर दंड वेगळा. कायद्याच्या कागदावर ती ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असते, त्यामुळे किमान वेतन, आजारपणाची रजा आणि विमा यांची जबाबदारी क्लबवर येत नाही. पण पोशाख, वेळ आणि वागणूक यांबाबतचे नियम मात्र नोकराला लावावेत तसे तिला लावले जातात. ग्राहक आला नाही तरी क्लबचे शुल्क वसूल होत असल्यामुळे, मालकाला एका रात्री हव्या त्याहून अधिक नर्तकी घेणे परवडते. त्याचा परिणाम असा होतो की थोड्या ग्राहकांसाठी पुष्कळ नर्तकींत स्पर्धा लागते, आणि मंदीच्या रात्री काही जणी रिकाम्या हाताने, क्वचित क्लबच्या कर्जात, घरी जातात. ज्या रात्री शुल्कसुद्धा निघालेले नाही, त्या रात्री उद्दाम ग्राहकाला ‘नाही’ म्हणणे कठीण होते. काम आवडणे आणि ते असह्य होणे यांतील अंतर पुष्कळदा एवढ्यावरच ठरते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने मार्च २०२४ मध्ये केलेला कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथील क्लबांना पूर्वी मद्यविक्रीची परवानगी नव्हती, त्यामुळे त्यांचा डोलारा नर्तकींकडून घेतलेल्या शुल्कावर उभा होता. नव्या कायद्याने या शुल्काला मर्यादा घातली, न भरलेली रक्कम पुढच्या पाळीच्या डोक्यावर टाकण्यास मनाई केली, सुरक्षिततेचे नियम कडक केले आणि त्याच वेळी मद्याच्या परवान्याचा मार्ग मोकळा केला. ही मागणी नर्तकींनी स्वतः काही वर्षे लावून धरली होती.

प्रश्न : वरील विषयावर आपल्याकडे पूर्वीही काही मजकूर आला होता. त्यात ‘निवड’ हा शब्द वापरलेला पाहून मला खटकले. गरज नसती तर कोणत्या स्त्रीने अनोळखी पुरुषांपुढे कपडे उतरवले असते? अशा कामाला कामगारांच्या हक्कांची भाषा लावणे म्हणजे शोषणाला प्रतिष्ठा देणे नव्हे काय? असे क्लब सरळ बंद का करू नयेत?

उत्तर : आपला आक्षेप वजनदार आहे. आइसलँडने २०१० मध्ये याच विचाराने, कर्मचाऱ्यांच्या नग्नतेवर नफा मिळवण्यास बंदी घातली, आणि त्यामागे धर्मरक्षकांपेक्षा स्त्रीवाद्यांचा पुढाकार अधिक होता. स्त्रीदेह विकत घेता येतो ही समजूत अशा क्लबांमुळे साऱ्या समाजात पसरते आणि तिची किंमत तेथे कधीही न नाचलेल्या स्त्रियांनाही मोजावी लागते, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही. फसवून, धमकावून किंवा कर्जात अडकवून आणलेल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुली यांच्या बाबतीत तर ‘आवड’ आणि ‘निवड’ हे शब्द उच्चारणेही गैर आहे; तो गुन्हा आहे आणि त्याकडे गुन्हा म्हणूनच पाहिले पाहिजे.

परंतु गरजेपोटी केलेली निवड ही निवडच नव्हे असे म्हटले, तर जगातील बहुतेक मजुरी त्या व्याख्येत बसेल. गरजेने बांधलेल्या माणसाला अधिक संरक्षण लागते; त्याच्या हातचे काम काढून घेतल्याने गरज संपत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराच्या परिषदेने २०२२ मध्ये अशा क्लबांची कमाल संख्या शून्य ठरवली, तेव्हा त्याला आव्हान देणाऱ्यांत नर्तकींची संघटनाही होती, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. या स्त्रिया क्लबमालकांची बाजू घेत होत्या असे मानणे अन्यायाचे होईल. त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये नर्तकी मालकाविरुद्ध उभ्या होत्या. तेथील स्टार गार्डन क्लबमध्ये सुरक्षिततेच्या तक्रारी केल्यावर मार्च २०२२ मध्ये नर्तकींना दार बंद झाले; त्यांनी अनेक महिने दाराबाहेर धरणे धरले, रंगीबेरंगी पोशाख करून, घोषणा देत आणि येणाऱ्या ग्राहकांना परत पाठवत. मे २०२३ मध्ये त्यांनी १७ विरुद्ध ० मतांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या १९१३ पासूनच्या रंगकर्मींच्या संघटनेत प्रवेश केला. त्यापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या लस्टी लेडी या ठिकाणी, काचेआडून ग्राहक चोरून चित्रण करतात या संतापातून, १९९६ मध्ये नर्तकी संघटित झाल्या होत्या; २००३ मध्ये तो व्यवसायच कामगारांची सहकारी संस्था म्हणून त्यांच्या ताब्यात आला आणि २०१३ मध्ये बंद पडेपर्यंत तसाच चालला. सहकार आल्यावर कामातील सगळा त्रास संपला नाही आणि भांडणेही झाली, हेही सांगितले पाहिजे.

आपण विचारलेल्या प्रतिष्ठेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या कामातून बाहेर पडणे अवघड होण्याचे मोठे कारण अप्रतिष्ठा हेच असते. अर्जातील चार वर्षांची रिकामी जागा कशी भरायची, पगाराची पावती नसताना घर भाड्याने कसे मिळवायचे, मुलाच्या ताब्याच्या दाव्यात प्रतिपक्षाने जुने छायाचित्र पुढे केले तर काय करायचे, या अडचणी क्लबच्या दारापाशी संपत नाहीत. ज्यांना आपण वाचवू पाहतो त्यांचे परतीचे दार आपल्याच तिरस्काराने बंद होत असेल, तर त्या तिरस्काराचा उपयोग कोणाला होतो, याचा विचार आपणही करावा अशी विनंती आहे.

प्रश्न : पुरुषही हे काम करतात का? त्यांचा अनुभव निराळा असतो का?

उत्तर : करतात. स्त्री प्रेक्षकांसाठी पुरुषांनी असे नृत्य करण्याचा प्रकार ‘चिपेनडेल्स’ या मंडळीने जगभर लोकप्रिय केला. ती १९७९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू करणारे सोमेन बॅनर्जी मूळचे भारतीय होते. पुरुषांचे असे कार्यक्रम बहुधा बसवलेल्या समूहनृत्याचे असतात. तिकिटे काढून मैत्रिणींचे गट लग्नाआधीच्या मेजवानीसाठी किंवा वाढदिवसासाठी येतात आणि एकेका ग्राहकाशी तासन् तास बोलत बसण्याची वेळ नर्तकावर कमी येते. समलिंगी पुरुषांच्या क्लबांमध्ये मात्र कामाची रीत स्त्रियांच्या क्लबांसारखीच असते. लोकलज्जेचा भार पुरुषांवर कमी पडतो. मित्रांत काही वेळा कौतुकच होते. पण स्पर्शाच्या बाबतीत त्यांची तक्रार गंभीर असते. स्त्रियांनी पुरुषाला ओरबाडले किंवा ओढले तर ते थट्टेवारी नेले जाते, सुरक्षारक्षक मध्ये पडायला उशीर करतात आणि नर्तकाने हरकत घेतली तर त्याच्या पुरुषार्थावरच शेरे मारले जातात. त्यामुळे अनेक नर्तक तक्रार करण्याचे टाळतात.