हरल्याच्या रात्री पोराला काय म्हणायचं?

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा पेन्सिल्व्हेनियात, पेन स्टेट विद्यापीठात शिकतो. डिसेंबर जवळ आला की मला धडकी भरते, कारण त्याच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा बाउल, म्हणजे मोसमाअखेरचा मोठा सामना! २०२५ च्या जानेवारीत ऑरेंज बाउल होता तेव्हा तो सुट्टीवर घरी होता, कोल्हापूरहून सासू-सासरेही आले होते. टीम हरली आणि हा कार्पेटवर उताणा पडून ढसाढसा रडायला लागला. सासूबाई तिळाच्या वड्या थापत होत्या, त्या तशाच तुपाच्या हातांनी बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "कुणाचं काही बरंवाईट झालं का गं?" पुढे तर कहरच झाला. ज्याच्यामुळे हरलो त्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, इन्स्टाग्रामवर यानं काहीतरी घाण लिहिलं. धाकटीनं ते आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अर्थ विचारला. ह्यांचा आवाज चढला, "ह्यासाठी फी भरतोय का आम्ही?" मुलानं दार आपटलं. आतून मित्राला फोनवर "पैसे पण गेले" असं काहीतरी सांगत होता. दोन दिवस नीट जेवला नाही. यंदा सासू-सासरे पुन्हा येणार आहेत. काय करू? शेवटी खेळच आहे ना तो?
— एक आई

"खेळच आहे ना" हे वाक्य तेवढं त्याच्यासमोर तोंडातून काढू नका. १९ नोव्हेंबर २०२३ आठवतो? अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल, तुमच्याकडच्या घड्याळात पहाटे साडेतीनला सुरू झालेली. ऑस्ट्रेलियानं कप नेला आणि त्या रविवारी आपल्या किती घरांत धड स्वयंपाक झाला, ते तुमच्या ह्यांनाच विचारा. रोहित-कोहलीनं आपली फी भरलेली नव्हती, तरी आपण सुतक पाळलंच की.

तेव्हा दुःख खरं आहे, असं धरून चाला. फक्त सगळे बाउल सारखे नसतात, आणि आपण पालक तिथंच फसतो. पहिला बाउल १ जानेवारी १९०२ ला पॅसाडेनात झाला, तिथल्या फुलांच्या मिरवणुकीला जोड म्हणून. मिशिगननं स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, तेव्हा आयोजकांनी फुटबॉलचा नादच सोडला आणि पुढे रथांच्या शर्यतीसुद्धा लावल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. आता चाळीसेक बाउल आहेत. १२ सामन्यांच्या मोसमात ६ जिंकले की साधारणपणे पात्रता येते. यातले बरेचसे बाउल म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा सामना, हरलं तर पुढचं काही अडत नाही. पण रोज, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच ह्या सहा बाउलांत मिळून आता राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफची उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी होते. २०२४ च्या मोसमापासून त्या प्लेऑफमध्ये ४ ऐवजी १२ संघ आले.

तुमच्या मुलाचा ऑरेंज बाउल ९ जानेवारी २०२५ चा, म्हणजे उपांत्य फेरी. समोर नॉत्र दाम विद्यापीठाची टीम. पेन स्टेटनं शेवटचं विजेतेपद घेतलं ते १९८६ च्या मोसमात, तुमच्या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी. ते पुन्हा मिळायला दोन सामने बाकी. २४-२४ अशी बरोबरी, घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, चेंडू आपल्याकडे. जादा वेळेत गेलं तरी चालण्यासारखं होतं. तेवढ्यात आपल्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे ड्रू अ‍ॅलरनं दबावाखाली मैदानाच्या आडवा चेंडू फेकला आणि तो थेट नॉत्र दामच्या पोराच्या हातात गेला. ७ सेकंद उरले असताना त्यांनी ४१ यार्डांवरून तीन गुणांची किक मारली, २७-२४, खलास. सबंध मोसम त्या एका फेकीत गेला. अशा वेळी कार्पेटवर आडवं पडणं मला तरी फार जगावेगळं वाटत नाही.

ह्याच ऑरेंज बाउलमध्ये ३० डिसेंबर २०२३ ला फ्लोरिडा स्टेटनं जॉर्जियाकडून ६३-३ असा मार खाल्ला. आकडा कितीतरी लाजिरवाणा, पण रडारड त्या मानानं कमी. सगळे सामने जिंकूनही त्यांना प्लेऑफमधून वगळलं होतं, संघातले कितीतरी खेळाडू उतरलेच नव्हते. चाहत्यांचा सगळा राग निवड समितीवर आधीच निघून गेला होता. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला बाउल जाहीर झाले की मुलाला जेवताना सहज विचारा, यंदा कुठला बाउल आणि हरलो तर काय जातं. उत्तरावरून तुम्हाला त्या रात्रीचा अंदाज येईल. शिवाय आईनं विचारलं ह्याचंच त्याला अप्रूप वाटेल.

प्रत्यक्ष त्या रात्री फार काही करायचं नसतं. पाणी द्या, ताट झाकून ठेवा, टीव्हीचा आवाज कमी करा. फी, मार्क, इंटर्नशिप ह्यांतलं काहीही त्या रात्री काढायचं नाही, आणि हे तुमच्या ह्यांना आधीच बजावून ठेवा. हरल्यानंतर शहाणी माणसंही ताळ्यावर नसतात. लुइझियानात दोन अर्थतज्ज्ञांनी बालगुन्हेगारी न्यायालयांचे निकाल तपासले, तर तिथल्या एलएसयू विद्यापीठाची टीम अनपेक्षितपणे हरल्यावर पुढच्या आठवड्यात न्यायाधीश मुलांना जास्त मुदतीच्या शिक्षा देत होते. स्वतः एलएसयूत शिकलेले न्यायाधीश तर जास्तच. खुर्चीवर बसलेल्या माणसाची ही गत, तर विशीतल्या पोराकडून रात्री अकराला समजूतदारपणाची अपेक्षा कशाला?

आता ती इन्स्टाग्रामवरची घाण. इथे मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूनं नाही. अ‍ॅलर तेव्हा २० वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या मुलाच्याच बरोबरीचा. सामना संपल्यावर तोंड न लपवता तो पत्रकारांसमोर आला आणि त्या फेकीबद्दल बोलला. पुढच्या मोसमात पुन्हा पेन स्टेटसाठीच उतरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध जायबंदी होऊन त्याचा मोसम तिथंच संपला. मुलं ह्यावर म्हणतात, आता त्यांना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यायला नको? मिळतात, खरं आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा आहे. म्हणून त्यांच्या फोनमध्ये शिरून आईबहीण काढायचा परवाना कुणाला मिळत नाही. तीच गोष्ट व्यावसायिक संघांच्या निवडीआधी दुखापत नको म्हणून बाउल न खेळणाऱ्यांची. त्यांना पळपुटे म्हणण्याआधी नॉत्र दामचा जेलन स्मिथ आठवा. १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बाउलमध्ये त्याचा गुडघा गेला, आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत अगदी वरच्या क्रमांकांत जाईल म्हणून ज्याच्याकडे बघत होते तो दुसऱ्या फेरीत घसरला. अशी उदाहरणं बघून एखाद्यानं गुडघा सांभाळला तर त्यात काय चुकलं?

राग काढायचाच असेल तर कोचवर काढू दे. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑरेगनविरुद्धच्या सामन्यात पेन स्टेटच्या पोरांनी जेम्स फ्रँकलिनला काढा म्हणून स्वतःच्याच स्टेडियममध्ये घोषणा दिल्या, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला खरोखरच नारळ मिळाला. एवढ्या मोठ्या पगारात बोलणी खाणंही धरलेलंच असतं. खेळाडूला लिहिलेलं मात्र दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतःच्या हातानं पुसायचं. ऐकत नसेल तर म्हणावं, आजोबांना ते शब्दशः मराठीत सांगून दाखव. तिसऱ्या शब्दाच्या आत फोन खिशातून बाहेर येईल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुम्ही एका ओळीत संपवलंत: "पैसे पण गेले." दोन दिवस न जेवण्यामागे अ‍ॅलरची फेक किती आणि हे पैसे किती, ते आधी बघा. फोनवरून सामन्यावर पैसे लावणं आता पिझ्झा मागवण्याइतकं सोपं झालंय, आणि हा दरवाजा तुमच्याच राज्यानं उघडलेला. न्यू जर्सीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये देशभराची बंदी उठवली. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया दोन्हीकडे वयाची अट २१ ची आहे, पण पोरं २१ ची वाट बघत नाहीत, खातं मोठ्या मित्राच्या नावावर असतं आणि हिशोब व्हेन्मो ह्या पैसे पाठवायच्या ॲपवर. म्हणून "सट्टा लावतोस का?" असं विचारू नका, उत्तर "नाही"च येणार. "त्या रात्री किती गेले?" असं सरळ विचारा. गाडीत विचारलेलं बरं, डोळ्याला डोळा भिडत नाही. तो आकडा सांगेल तेव्हा चेहरा हलू देऊ नका. वीस-पंचवीस डॉलर असतील तर तिथंच सोडा. दरवेळी गेलेले भरून काढायला पुन्हा लावत असेल, कुणाचं देणं असेल, तर ह्यांच्यापासून लपवून ते देणं गुपचूप फेडायचं नाही. आपल्याकडे आया हे हमखास करतात. १-८००-गॅम्बलर ह्या हेल्पलाइनवर घरच्यांनीही फोन करायला हरकत नसते.

सासऱ्यांचं तुम्ही टेन्शन घेताय, पण मला वाटतं तुमचा हुकमाचा पत्ता तेच आहेत. कोल्हापूरचा माणूस आणि त्याला फुटबॉलचं वेड समजावून सांगायचं? पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असा फुटबॉलचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठा-पेठांत काय वातावरण असतं ते त्यांना विचारा. हरल्यावर गल्लीतून मान खाली घालून जाणारी माणसं त्यांनी पाहिलेली असणार, आणि समोरच्या तालमीला घातलेल्या शिव्याही ऐकलेल्या असणार. म्हणजे धाकटीनं वाचून दाखवलं त्यानं ते फारसे हादरले नसावेत, सुनेसमोर म्हणून गप्प बसले असतील. यंदा नातवाला म्हणावं, आजोबांना शेजारी बसव आणि चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा एवढा एकच नियम सांग. "फुटबॉल म्हणता आणि सगळं हातानं खेळता?" ह्यावर पहिला पाऊण तास जाईल, तो जाऊ द्यावा. हरल्यावर शेजारी आजोबा असले की पोराची भाषा आपोआप ताळ्यावर येते.

हळदीकुंकवाची तारीख ठरवण्याआधी प्लेऑफचं वेळापत्रक बघा. उपांत्यपूर्व फेरी ३१ डिसेंबर-१ जानेवारीच्या आसपास असते, उपांत्य त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, फायनल जानेवारीच्या उत्तरार्धात. आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत मुभा आहे, थोडं पुढे सरकवा.

आणि ज्यांची मुलं भारतातून विद्यार्थी व्हिसावर आली आहेत त्यांच्यासाठी: जिंकल्यावरची गर्दी हरल्यापेक्षा जास्त धोक्याची असते. जानेवारी २०१५ मध्ये ओहायो स्टेट विजेती झाली त्या रात्री कोलंबसमध्ये पोरांनी स्टेडियममध्ये घुसून गोलपोस्ट पाडला, रस्त्यांवर पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. इथल्या पोरांना अशा रात्रीची अटक निस्तरता येते, व्हिसावरच्या मुलाला ती फार महाग पडू शकते. सोफे जाळायला निघालेल्या घोळक्यात फोटो काढायलासुद्धा थांबू नये.

ताई, आम्ही ऑर्लँडोत असतो. नाशिकहून आई-बाबा आलेत. मुलगा त्यांना पॉप-टार्ट्स बाउलला घेऊन जाऊ म्हणतोय. हरल्यावर रडारड असेल तर नको वाटतं. नेऊ का?
— ऑर्लँडोचा बाबा

बेधडक न्या. ह्या बाउलमध्ये विजेतेपद पणाला नसतं, त्यामुळे हरलेलेही बहुतेक हसतच घरी जातात. २०२३ मध्ये इथे कॅन्सस स्टेटनं एनसी स्टेटला २८-१९ असं हरवलं, आणि सामन्यानंतर स्ट्रॉबेरी पॉप-टार्टचं, म्हणजे टोस्टरमध्ये भाजून खायच्या गोड वडीचं, सोंग घेतलेला शुभंकर हसत-हसत एका अजस्र टोस्टरमध्ये उतरला, खालून खायचा पॉप-टार्ट निघाला, तो विजेत्या खेळाडूंनी ओरबाडून खाल्ला. तुमच्या आईंना सामन्यातलं काही कळलं नाही तरी हे कळेल. साडेतीन तासांची बैठक आहे, बाबांच्या पाठीला उशी लागेल. पर्स पारदर्शक लागते का, बाहेरचं खाणं चालतं का, ते स्टेडियमच्या नियमांत आधी बघा. बहुधा डबा आत नेता येणार नाही. तो गाडीतच ठेवा. सामना सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला तासभर लागतोच, तेव्हा पोळी-भाजी होऊन जाईल.