बोल्केर-एन स्टेशनला पहिल्यांदाच जाताय?

बिनधास्त जा. १,५९३ मीटरवरचं हे स्टेशन फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेचं सगळ्यात उंचावरचं. पेर्पिन्यांहून साध्या लोकलने विलफ्रांशला उतरा आणि तिथून छोटी पिवळी गाडी पकडा. फ्रेंच येत नाही म्हणून फारसं अडत नाही. नवखे अडकतात ते वेळापत्रकात.

- आधी परतीची गाडी बघा, मग जायची. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, आणि रविवारचं व सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. वेळेशेजारी बसचं चित्र असेल तर रेल्वे नाही, बस येणार.
- या मार्गावरचे बरेच थांबे मागणीनुसार आहेत. फलाटावर ड्रायव्हरला दिसेल असे उभे राहा आणि सरळ हात दाखवा, आपल्याकडे एसटीला दाखवतो तसा. बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर गाडी निघून जाईल! उतरायचं असेल तर चढतानाच कर्मचाऱ्याला सांगा.
- तिकीट खिडकी उघडी असेल या भरवशावर राहू नका. तिकीट आधीच काढा, पाणी आणि खाऊ सोबत ठेवा.
- रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीत ८५० व्होल्ट वीज असते. फोटोसाठी खाली उतरायचं नाही म्हणजे नाही. फलाटावरूनही मस्त येतात फोटो.

उन्हाळ्यात गाडीला उघडा डबा जोडतात, तो मिळाला तर सोडू नका. फक्त जॅकेट हवं. याच मार्गाच्या शेवटच्या स्टेशनचं, लातूर-द-कारोलचं, तीन गेजचं (रुळांमधल्या तीन वेगवेगळ्या रुंदीचं) प्रकरण भन्नाट आहे, पण ते पुढच्या खेपेला.