फेसबुक-इन्स्टाग्राम सोडल्यावर लेखांचं काय आणि माणसांचं काय?

तुम्ही विचारलंय, ‘फेसबुक-इन्स्टा सोडायचंय, पण मग बातम्या, लेख, ओळखीची माणसं सगळंच हातचं जाईल का?’ मी दीड वर्षापूर्वी सोडलं. लेख गेले नाहीत. माणसं मात्र काही गेली.

पहिल्यांदा नुसतं डीॲक्टिवेट केलं होतं. म्हणजे दार लोटलं, कडी लावलीच नाही. अकराव्या रात्री लॉगिन केलं तर सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या वेळी आधी फोटो उतरवून घेतले आणि फेसबुक कायमचं डिलीट केलं. त्यातही ३० दिवसांत परत फिरता येतं, म्हणून पासवर्ड आधीच बायकोकडून बदलून घेतला. तो तिने अजून सांगितलेला नाही.

खरी खोड अंगठ्याची. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभं राहिलं की अंगठा आपोआप जुन्या जागी जायचा. तिथे आता कॅल्क्युलेटर सरकला होता. तो इतक्यांदा उघडला की मुलीने विचारलं, ‘बाबा, कसला हिशोब चाललाय?’

वाचनासाठी आरएसएस वापरा (संघ नव्हे, साइटवरच्या नव्या लेखांची यादी आपोआप आणून देणारी सोय). २०१३ साली अशा याद्या दाखवणारा गूगल रीडर बंद झाला तेव्हा मलाही वाटलं, आटोपलं. पण तसं काही नाही. फीडलीसारख्या रीडरमध्ये आवडत्या साइटचा पत्ता टाकायचा. नवा लेख आला की यादीत येतो. यूट्यूब चॅनेललाही अशी फीड, म्हणजे यादी, असते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मुख्य म्हणजे ही यादी संपते! वीस मिनिटांत तळ लागतो, मग फोन ठेवण्यावाचून इलाज नसतो.

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कवरही खातं काढलंय. जाहिराती नाहीत, पोस्टी ज्या क्रमाने पडल्या त्या क्रमाने दिसतात. पण मराठी माणूस तुरळक, त्यामुळे गप्पांना रंग चढत नाही.

आता माणसं. चुलतबहिणीच्या नातवाचं बारसं मला दोन आठवड्यांनी कळलं, कारण आमंत्रण फेसबुकवर होतं. ताईला वाटलं, मी रुसलोय. तेव्हापासून वाढदिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने लिहितो आणि सरळ फोन लावतो. पलीकडून आधी हमखास प्रश्न येतो, ‘काय रे, सगळं ठीक आहे ना?’

व्हॉट्सॲप सोडलेलं नाही. पाण्याचा टँकर कधी येणार हे सोसायटीच्या ग्रुपवरच कळतं.