आधी तो आकडा वाच

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या असाइनमेंटचा तू काल रात्री पाठवलेला स्क्रीनचा फोटो सकाळी ट्रान्स हार्बरच्या गाडीत बघितला. ठाण्याला खिडकी मिळाली होती, त्यामुळे रबाळे येईस्तोवर मोठा करून नीट वाचता आला. खाली तुझा मेसेज: "मावशी, कॉपी-ऑन-राइट जमत नाहीये, कुठेही क्रॅश होतंय. एआयकडून लिहून घेऊ का? पेपरात शेड्युलिंगची गणितंच येतात आणि प्लेसमेंटला कर्नल कोण विचारतं?"

अरे, कॉपी-ऑन-राइट म्हणजे कुणी लिहीपर्यंत मेमरीची कॉपी न करणं, एवढंच. आणि ते वाटेल तिथे क्रॅश होत नाहीये. कारण त्याच फोटोत छापून आलंय, तू वाचलं नाहीस. एसकॉज हे क्रॅशचं कारण सांगणारं रजिस्टर. त्याच्या पुढे हेक्समधला डी आहे, म्हणजे १३: प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, मेमरी वाचायला घेतली आणि पेज फॉल्ट झाला, त्या पत्त्यावर वाचता येईल अशी मेमरीच मिळाली नाही. एसटीव्हॅल म्हणजे ज्या पत्त्यावर ती वाचायला गेली तो पत्ता. तो बघ: ०१०१०१०१०१०१०१०१. इतका सरळ आकडा आपोआप कसा येईल? एक्सव्ही६, म्हणजे तुमची शिकायची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यातलं केफ्री हे फंक्शन उघड. पान, म्हणजे मेमरीचा एक ठरावीक तुकडा, मोकळं करताना ते त्या पानाच्या ४०९६ च्या ४०९६ बाइट्समध्ये १ भरून टाकतं, म्हणून ते ०१०१. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय, मोकळं झालेलं पान कुणी अजून वापरत असेल तर तो लगेच उघडा पडावा म्हणून. तुझी प्रोसेस तेच करत होती. एका खोलीत दोन भाडेकरू असावेत, त्यातला एक निघून गेल्यावर मालकाने खोली रिकामी समजून दुसऱ्याच्या सामानावर चुना फासावा, तसं झालंय. फोर्कमध्ये, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी जन्मते तेव्हा, पान कॉपी न करता तू आई-बाप प्रोसेस आणि मूल या दोघांना तेच पान दिलंस, इथपर्यंत बरोबर. पण ते किती जणांकडे आहे याचा हिशोब कुठेतरी चुकलाय.

कुठे, ते मी सांगणार नाही. सीपीयूएस=१ देऊन एकाच कोअरवर चालव. एरवी ते तीन कोअरवर चालतं. एका कोअरवर क्रॅश थांबला तर काऊंट (ते पान किती जणांकडे आहे तो आकडा) बदलताना लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घेतलंस का ते तपास. तरीही होत असेल तर मोजणीच चुकतेय. आणि थांबला म्हणजे लॉकचाच दोष, असं लगेच ठरवू नकोस. तो फक्त संशय. पानाचा पत्ता आणि काऊंट प्रिंट करून बघ. अंदाज नको.

हे वाक्य तुला माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. अंदाज नको. या विषयात मला दुसरं काही शिकवायचंच नाहीये.

आता एआयचं. ते तुला कोड देईल, टेस्टही पास होतील. पण ०१०१ कुठून आलं हे तुला कधीच कळणार नाही, आणि या अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकण्यासारखी गोष्ट तीच होती. रजिस्टरचा अर्थ विचारायचा तर खुशाल विचार. पण क्रॅशचं कारण तुझ्या शब्दांत कागदावर उतरेपर्यंत त्याच्याकडून एक ओळ घ्यायची नाही. यावर वाद नको.

पेपरची गणितं कर, मार्क लागतातच. पण तिथेही नुसती पाठ करू नकोस. बेलेडी अनॉमलीची ती मालिका, म्हणजे कोणती पानं कोणत्या क्रमाने मागितली ते, तुझ्या वहीत असेलच: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फिफोला (आधी आलेलं पान आधी काढायचं) तीन फ्रेम, म्हणजे पानं ठेवायच्या तीन जागा, दिल्या तर ९ फॉल्ट, चार दिल्या तर १०. मेमरी वाढवली आणि काम बिघडलं! सगळी मुलं तक्ता घोकून जातात. तू सी मध्ये छोटासा प्रोग्राम लिही आणि हे ९ आणि १० स्वतःच्या स्क्रीनवर आण. मग फिफो काढून एलआरयू (सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पान काढायचं) घाल. तीनला १० आणि चारला ८ यायला हवेत. नाही आले तर तुझं एलआरयू चुकलंय. बँकर्स अल्गोरिदमही, म्हणजे प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकू नयेत म्हणूनची ती रीत, सोडव, पण सरांना विचार की हे रोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, का दिसत नाही. आपल्याला जास्तीत जास्त काय काय लागेल हे कुठला प्रोग्राम आधी सांगतो?

आमच्या वेळी कॉलेजात हे विचारायची सोय नव्हती. फोर्कचं प्रॅक्टिकल म्हणजे फळ्यावरचा प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवायचा आणि खाली आउटपुटही पेनानेच लिहायचं. एकच कॉल दोन ठिकाणी परततो, मुलात शून्य आणि आई-बापात मुलाचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर), हे मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा चालताना पाहिलं. शिकायच्या वयात ते बघायला मिळालं नाही याची खंत अजून आहे. तुझ्या लॅपटॉपवर सगळं हजर असताना तू शॉर्टकट शोधतोस, तेव्हा मला राग येतो तो यामुळेच.

पुढे स्टोरेज सर्व्हरचं काम करताना एक मशीन मधूनच गोठायचं. टायमर लावा, मशीन रीस्टार्ट होऊ दे, माल पाठवा, असं वरून सांगण्यात आलं. मी सही केली नाही. कारण सापडायला आठवडे गेले: एक लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) यायचा आणि त्याला उत्तर देणारा कोड, म्हणजे हँडलर, तेच लॉक मागायचा. ज्याने लॉक सोडायचं तो कोड हँडलर संपायची वाट बघतोय आणि हँडलर लॉकची. एक्सव्ही६ च्या अॅक्वायरमध्ये, म्हणजे लॉक घेणाऱ्या फंक्शनमध्ये, सुरुवातीलाच इंटरप्ट बंद करतात ते यासाठीच. त्या वर्षी प्रमोशन दुसऱ्याला मिळालं आणि त्यानंतरही मी त्या रांगेत मागेच राहिले. तुझी आई म्हणते, ताईला हट्ट नडला. मला तसं वाटत नाही. त्या डिस्कवर लोकांचा डेटा होता. कारण माहीत नसताना "आता ठीक आहे" यावर सही कशी करायची? १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं, तेव्हा इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर ट्रेस लावून तो रीसेट घडवून आणला, प्रायॉरिटी इन्व्हर्जन (महत्त्वाचं काम कमी महत्त्वाच्या कामामुळे अडकून पडणं) डोळ्यांनी पाहिलं आणि मगच दुरुस्ती वर पाठवली. त्यांना कुणी हट्टी म्हटलं नाही. मला म्हणतात, म्हणू देत. आजही मी तेच करेन.

प्लेसमेंटचं वचन मी देत नाही. पण मुलाखती मीही घेते. प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक सगळे एकाच सुरात म्हणून दाखवतात. "माझं पान वापरात असतानाच फ्री झालं होतं, ते मी असं पकडलं" असं सांगणारा समोर आला की पुढचे प्रश्न मी आपणहून विचारते.

रविवारी सकाळी कोपरखैरण्याला ये. लॅपटॉप आण, आणि हाताने लिहिलेलं एक पान: त्या पानाचा काऊंट कोणत्या ओळीत वाढला, कोणत्या ओळीत कमी झाला आणि शेवटी केफ्री कोणी बोलावलं. दुरुस्त केलेला कोड नसला तरी चालेल, हे पान हवंच. ते झालं की मग कर्नलमधून प्रोग्रामच्या मेमरीत डेटा नेणाऱ्या कॉपीआउटकडे वळू, तिथे तुझी आणखी एक चूक लपलेली असणार असा माझा संशय आहे. जेवायलाच थांब, आईला तसं सांगून ये.

तुझी,
मावशी