आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए झालंय, पण एन्ट्री लेव्हललाही कुणी घेत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की चाळीसेक अर्ज केले, जवळपास सगळे यूएनला, आणि एकाचंही उत्तर नाही. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. डिग्रीत खोट नाहीये हो, तुम्ही एकच दार ठोठावत बसलाय.

आधी एक घोळ मिटवू. डिप्लोमॅट म्हणजे स्वतःच्या देशाच्या परराष्ट्र खात्याचा माणूस, तिथे नागरिकत्व लागतं आणि बहुतेक देशांत स्पर्धा परीक्षा असते, त्यामुळे ते हवं असेल तर सीव्ही पाठवणं बंद करा आणि अभ्यासाला बसा. यूएन, एनजीओ, थिंक टँक (धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था) ही दुनियाच वेगळी.

यूएनची यंग प्रोफेशनल्सची परीक्षा बघा, वय ३२ पर्यंत आणि पदवी पुरते, पण ज्या देशांचे लोक यूएनच्या सचिवालयात कमी आहेत त्यांचीच यादी निघते, तुमचा देश त्यात नसेल तर विषय संपला. जेपीओ, म्हणजे यूएनमधल्या ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरच्या जागा, त्यांचंही तेच, पैसे सरकारं भरतात म्हणून बहुतेक जागा त्यांच्याच नागरिकांना. आणि सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी, महागड्या शहरात २ ते ६ महिने स्वतःच्या खर्चाने राहायचं, मला हे अजूनही पटत नाही. युनिसेफ, आयएलओ निदान स्टायपेंड तरी देतात.

आता ज्या दाराकडे कुणी बघतच नाही ते सांगतो: परक्या देशांच्या दूतावासातला लोकल स्टाफ. व्हिसा, व्यापार, प्रेस, प्रोटोकॉल, या सगळ्या विभागांत स्थानिक माणसं लागतातच, कारण डिप्लोमॅट तीन-चार वर्षांनी बदलून जातो आणि कुठल्या खात्यात कुणाला फोन करायचा हे लोकल माणसालाच माहीत असतं. जाहिराती बहुतेक वेळा दूतावासाच्या वेबसाइटवरच असतात. मी असाच व्यापार विभागात लागलो, पहिल्याच आठवड्यात एका बैठकीचा सहा पानी रिपोर्ट मोठ्या हौसेने दिला तर साहेबांनी न वाचताच परत केला, म्हणाले राजदूत गाडीत बसून वाचणार आहेत, एक पान कर, आणि वर पहिल्या दोन ओळींत आपण काय करायचं ते लिही. दोन वर्षं एमए करून हे कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा सध्या एक-एक पानाच्या दोन ब्रीफ, म्हणजे असेच थोडक्यातले रिपोर्ट, लिहून ठेवा, मुलाखतीला दाखवायला काहीतरी होतं. फ्रेंच, अरबी, स्पॅनिश यातलं काहीतरी कामापुरतं करा. घरबसल्या अनुभव हवा असेल तर यूएन व्हॉलंटिअर्सची ऑनलाइन कामं असतात, भाषांतर, संशोधन वगैरे, पैसे मिळत नाहीत पण सीव्हीवर एक खरीखुरी ओळ येते. नोकरी लावतो म्हणून कुणी फी मागितली तर फोन ठेवून द्या, यूएन भरतीत कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही.

आणि कव्हर लेटरमध्ये 'मला जागतिक घडामोडींची लहानपणापासून आवड आहे' असलं वाक्य असेल तर आजच उडवा, सगळ्यांचं तेच असतं.